जलसमाधी आणि कर्णधार

१

बोट बुडाली की तिला 'जलसमाधी मिळाली' असे लिहिण्याची मराठी वृत्तपत्रांची जुनी प्रथा आहे. हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की त्यातील विसंगती सहसा जाणवत नाही. समाधी घेतली जाते. ती मिळत नाही. योगी किंवा संत देहाचे प्रयोजन संपले असे जाणून स्वेच्छेने समाधी घेतो. त्या कृतीला कर्ता असतो, तिच्यामागे निर्णय असतो आणि तिच्यात मृत्यूवर मात केल्याचा भाव असतो. तिकिटाचे पैसे मोजून गावी निघालेला माणूस नाकातोंडात पाणी जाऊन मरतो, तेव्हा यांपैकी काहीही घडत नाही. तरीही भाषा त्या मरणाला समाधीचे पावित्र्य बहाल करते, आणि तसे करताना दोन गोष्टी पुसून टाकते: मरणाऱ्याची अनिच्छा आणि त्याला पाण्यावर नेणाऱ्याची जबाबदारी.

दुसरा शब्द 'कर्णधार'. संस्कृतात 'कर्ण' या शब्दाचा एक अर्थ सुकाणू असा आहे. सुकाणू धरतो तो कर्णधार. आजच्या मराठीत हा शब्द क्रिकेटच्या संघाला, राजकीय पक्षाला, साखर कारखान्याला आणि राष्ट्राला लावला जातो; जहाजाला तो क्वचितच लावला जातो. किनारा सोडून जमिनीवर येताना त्याने सुकाणू धरणाऱ्याचा मान तेवढा सोबत आणला. सुकाणू धरल्यामुळे अंगावर येणारे दायित्व मात्र समुद्रातच राहिले. याउलट कोकण किनाऱ्यावरचे तांडेल, नाखवा, सारंग, खलाशी हे शब्द कामाचे आहेत. मंत्रिमंडळाचा 'तांडेल' असे कोणी म्हणत नाही. कारण तांडेल म्हटले की वारा, भरती-ओहोटी, खडक आणि होडीतली माणसे यांचा हिशेब ओघाने येतोच.

जहाज बुडत असताना प्रवाशांविषयी कप्तानाचे कर्तव्य काय, हा प्रश्न वरवर पाहता कायद्याचा आणि नौकानयनशास्त्राचा आहे. परंतु कर्तव्य पाळले गेले की नाही हे समाजाला कळते ते कथनांतून: गाण्यांतून, बातम्यांतून, चौकशीच्या अहवालांतून, कादंबऱ्यांतून. कथन कोणाच्या दृष्टिबिंदूतून उभे राहते, त्यात कोणाला नाव आहे आणि कोण केवळ संख्येत आहे, यावर कर्तव्याचा प्रश्न उपस्थित होणार की नाही हे ठरते. या अर्थाने तो साहित्यसमीक्षेचाही प्रश्न आहे.

तो शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्याच्या आतल्या तालुक्यांतून विचारला, तर त्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. प्राचीन काळी कल्याण बंदरात उतरलेला माल मुरबाडच्या वाटेने नाणेघाट चढून जुन्नरकडे जात असे; म्हणजे समुद्राशी या प्रदेशाचा संबंध दोन हजार वर्षांचा आहे. तरी समुद्र येथून दिसत नाही. येथील वाचकाला जहाज प्रथम भेटते ते संहितेत: अभंगात, पाठ्यपुस्तकातील कवितेत, बातमीत. समुद्राचे ज्ञान नसलेला आणि म्हणूनच ते असलेल्यावर विसंबणारा माणूस म्हणजे प्रवासी. त्यामुळे असा वाचक जहाजाची कथा वाचतो तेव्हा तो स्वभावतःच प्रवाशाच्या जागी उभा असतो. मराठीतील कर्णधाराची रूपके त्या जागेवरून कशी दिसतात, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

२

शहापूर तालुक्यातील पहिली संहिता म्हणजे एका नदीचे नाव. त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावलेली वैतरणा या तालुक्याच्या उत्तर अंगाने वाहते. मोडकसागर आणि मध्य वैतरणा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणे तिच्यावरच आहेत. पुराणांतील वैतरणी ही यमनगरीच्या वाटेवरची नदी. मृताने ती ओलांडायची असते, आणि त्यासाठी जिवंतपणी केलेल्या गोदानाचे पुण्य उपयोगी पडते. गाईचे शेपूट धरून तो पैलतीरी जातो. या कल्पनेत नावाड्याला स्थान नाही, हे लक्षात घ्यावयास हवे. ओलांडणाऱ्याचे भवितव्य त्याच्या स्वतःच्या कर्मावर अवलंबून आहे. बुडणारा बुडतो तो आपल्याच पापाने.

भक्तिपरंपरेने या चित्रात नावाडी आणला. भवसागर, तारू, पैलतीर, तारक या शब्दांनी संतांचे काव्य भरलेले आहे. देव किंवा सद्गुरू सुकाणू धरतो आणि भक्ताने केवळ विश्वास ठेवावयाचा असतो. कर्मसिद्धान्ताच्या कठोरतेवर करुणेने केलेली ही मात आहे, आणि तिचे मोल मोठे आहे. परंतु या रूपकबंधात कर्णधाराच्या कर्तव्याचा प्रश्न संभवत नाही; कारण हा कर्णधार चुकूच शकत नाही. चूक झालीच तर ती प्रवाशाच्या श्रद्धेतील उणिवेची. रूपकाच्या पातळीवर हे यथायोग्य आहे. मात्र हीच रचना माणसांच्या व्यवहारात उतरली की सुकाणूवरच्या माणसाला देवाची सूट मिळते आणि प्रवाशाच्या वाट्याला फक्त श्रद्धा येते.

आधुनिक जहाज ही तिसरी रचना. येथे सुकाणू धरणारा नेमणुकीने येतो, वेतन घेतो, परवाना बाळगतो आणि चुकू शकतो. पहिल्या रचनेत नावाडी नाही, दुसरीत तो अच्युत आहे, तिसरीत तो मर्त्य आहे. आणि कर्तव्य या शब्दाला अर्थ प्राप्त होतो तो केवळ या तिसऱ्या रचनेत. प्रश्न असा की साहित्याची भाषा या तिसऱ्या रचनेपर्यंत पोहोचली का?

याच नदीचे नाव धारण करणारी 'वैतरणा' ही आगबोट ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छमधील मांडवीहून मुंबईकडे येत असताना सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. सातशेहून अधिक माणसे तिच्यावर होती. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'विजळी' म्हणत. पुढे झालेल्या चौकशीत जीवरक्षक होड्या आणि जाकिटे पुरेशी नसल्याचे पुढे आले. या बोटीविषयी गुजरातीत जी लोकगीते रचली गेली त्यांनी तिला कप्तानाच्या नावाने ओळखले: हाजी कासमची विजळी. हे नामकरण अर्थपूर्ण आहे. कंपनीचे नाव लोकस्मृतीतून गेले, नदीचे नावही मागे पडले. उरला तो सुकाणूवरचा माणूस. आणि त्याच्यासमोर गीताने उभे केले ते लग्नाला निघालेले वऱ्हाडी, मॅट्रिकच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेली मुले, वाट पाहणारे आप्त. शोकगीताचा सूर विलापाचा असला तरी त्याची रचना संबोधनाची आहे. आणि संबोधन म्हणजे उत्तराची अपेक्षा.

या स्मृतीत आणखी एक आख्यायिका आहे. पोरबंदरच्या प्रशासकाने कप्तानाला पुढे न जाण्याविषयी बजावले होते, तरी तो गेला. पुढील संशोधनात या आख्यायिकेला आधार सापडलेला नाही. पण ती निर्माण का झाली, हा प्रश्न समीक्षेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. लोकस्मृतीला निर्णयाचा एक क्षण हवा होता: बोट अजून सुखरूप आहे, धक्का जवळ आहे आणि 'आज जायचे नाही' असे म्हणता येण्यासारखे आहे, असा क्षण. वादळात कप्तान शूरपणे वागला की भित्रेपणाने, याची चिकित्सा लोककथा करीत नाही. निघण्याच्या निर्णयावर ती बोट ठेवते. तथ्य म्हणून संशयास्पद असलेली ही कथा कर्तव्याची जागा मात्र अचूक दाखवते.

३

लोकगीताने जे साधले ते नागर कवितेत का घडले नाही, याचे उत्तर मराठीतील सर्वांत परिचित कर्णधारात सापडते. कुसुमाग्रजांच्या 'विशाखा' (१९४२) या संग्रहातील 'कोलंबसाचे गर्वगीत' पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. वादळाला आव्हान देणारा, साथीदारांना धीर देणारा हा दर्यावर्दी पारतंत्र्यातील समाजाला आवश्यक असलेल्या आत्मविश्वासाचे प्रतीक झाला, आणि त्या ऐतिहासिक संदर्भात त्याचे सामर्थ्य निर्विवाद आहे. परंतु या जहाजावर प्रवासी नाहीत. कोलंबसाबरोबर आहेत ते ध्येयाचे भागीदार; त्यांनी धोका पत्करलेला आहे. समुद्र हा प्रतिस्पर्धी आहे आणि त्याच्याशी होणारे द्वंद्व हा कवितेचा गाभा आहे. प्रवाशांचे जहाज चालवणाऱ्याने समुद्राला आव्हान द्यायचे नसते; आव्हान टाळणे हेच त्याचे कौशल्य असते. वीराचा जो गुण तोच येथे दोष ठरू शकतो. कविता याबद्दल दोषी नाही. पण कर्णधाराचे हे एकच चित्र मनावर ठसलेला वाचक प्रत्येक बोटीवर कोलंबस शोधू लागतो, हा वाचनाचा दोष आहे.

बुडत्या राज्याचे वर्णन बुडत्या नौकेच्या प्रतिमेतून करण्याची सवय इतिहासलेखनालाही आहे, आणि त्या प्रतिमेला साजेसा एक प्रसंग शहापूरजवळच्या माहुली किल्ल्यावर घडलेला आहे. निजामशाही मोडत असताना शहाजीराजांनी त्या घराण्यातील एका अल्पवयीन मुलाला गादीवर बसवून राज्य सावरण्याचा प्रयत्न केला. १६३६ मध्ये शहाजहान आणि आदिलशहा यांच्यात तह झाल्यावर दोन्ही सत्तांच्या फौजा एकत्र आल्या आणि माहुलीला वेढा पडला. अखेर किल्ला सोडावा लागला, मुलाला मोगलांच्या स्वाधीन करावे लागले, आणि शहाजीराजे आदिलशाहीच्या सेवेत गेले. त्या मुलाची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली.

शहाजीराजांपुढील पर्याय किती अरुंद होते हे इतिहासकारांनी दाखवले आहे; १९२२ साली 'राधामाधवविलासचंपू' प्रसिद्ध करताना वि. का. राजवाडे यांनी लिहिलेली दीर्घ प्रस्तावना शहाजीराजांच्या कर्तृत्वाची भूमिका समर्थपणे मांडते. येथे मुद्दा व्यक्तीला दोष देण्याचा नाही. मुद्दा कथनाचा आहे. या प्रसंगाच्या बहुतेक मांडणींत कर्णधाराचे धैर्य, त्याची मुत्सद्देगिरी, त्याचे पुढील उत्थान यांना सविस्तर जागा मिळते. ज्याच्या नावाने नौका चालवली गेली तो मुलगा मात्र एका वाक्यात ग्वाल्हेरला जातो. त्याचे वय, त्याचे भय, वेढ्यातले त्याचे दिवस यांविषयी वाचकाच्या मनात प्रश्नही उमटत नाही. नौका बुडाली, कर्णधार तरला, आणि प्रवासी कथनातून उतरला. वीरकथेचा साचा कर्तव्याला कसा गौण करतो याचे हे उदाहरण आहे. आणि ते समुद्रापासून दूर, डोंगरावर घडलेले असल्यामुळे अधिक बोलके आहे.

४

पाश्चात्त्य साहित्यात कर्णधाराच्या कर्तव्याचा प्रश्न थेट हाताळणारी कादंबरी म्हणून जोसेफ कॉनरॅडच्या 'लॉर्ड जिम'चे (१९००) नाव घेतले जाते. तिच्यामागे एक वास्तव घटना आहे. ऑगस्ट १८८० मध्ये हजच्या यात्रेकरूंना घेऊन जाणारी 'जेद्दा' ही आगबोट एडनच्या वाटेवर गळू लागली. तेव्हा तिच्यावर साडेनऊशेच्या आसपास यात्रेकरू होते. कप्तान आणि त्याचे प्रमुख अधिकारी होडी घेऊन निघून गेले. दुसऱ्या जहाजाने त्यांना एडनला पोहोचवले, आणि 'जेद्दा' प्रवाशांसह बुडाल्याचे त्यांनी तेथे सांगितले. दुसऱ्याच दिवशी 'अँटेनॉर' नावाचे जहाज 'जेद्दा'ला ओढत बंदरात घेऊन आले. यात्रेकरू जिवंत होते. कप्तानाचा परवाना तीन वर्षांसाठी स्थगित झाला.

कॉनरॅडने या घटनेतून एका तरुण अधिकाऱ्याच्या अंतःकरणाचा शोध घेतला. उडी मारण्याचा तो एक क्षण आणि त्यानंतरचे आयुष्यभराचे प्रायश्चित्त हा कादंबरीचा विषय. तिचे नैतिक सामर्थ्य एका तपशिलात आहे: कप्तान चौकशी टाळून पसार होतो, जिम मात्र साक्षीला उभा राहतो. कर्तव्यात कसूर झाल्यानंतरही एक कर्तव्य उरते, ते घडलेले सांगण्याचे, हे कादंबरी ठामपणे सुचवते.

तथापि प्रवाशाच्या जागेवरून वाचले असता या महान कादंबरीतही एक पोकळी दिसते. 'पाटणा' बोटीवरचे आठशे यात्रेकरू झोपलेले आहेत, आणि कथनाच्या दृष्टीने ते झोपलेलेच राहतात. त्यांच्यापैकी कोणी गळती पाहिली, कोणी पाणी उपसले, अधिकाऱ्यांची होडी दिसेनाशी झाल्यावर पहाटेपर्यंत त्यांनी काय केले, हे कथनाच्या कक्षेत येत नाही. कर्तव्यभंग हा येथे कर्तव्य मोडणाऱ्याच्या आत्म्याचा प्रश्न होतो; ज्यांच्याविषयी कर्तव्य होते ती माणसे निमित्तमात्र ठरतात. वसाहतवादी दृष्टीची चर्चा करणाऱ्या समीक्षकांनी हे मौन अन्य संदर्भांत दाखवले आहेच. येथे त्याचा विशेष असा की अपराधगंडाची कथा आणि वीरकथा या परस्परविरुद्ध वाटणाऱ्या कथा एका बाबतीत सारख्या आहेत: दोन्हींचा केंद्रबिंदू कर्णधारच असतो.

५

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील सर्वांत मोठी अशी घटना १७ जुलै १९४७ ची. त्या दिवशी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' ही आगबोट मुंबईपासून काही मैलांवर काशाच्या खडकाजवळ उलटली. सातशेच्या आसपास माणसे तिच्यावर होती. त्यांतील सहाशेहून अधिक मृत्युमुखी पडली. आषाढी अमावास्येला गावी निघालेले चाकरमानी, व्यापारी, कुटुंबे असा हा समुदाय होता. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नव्हती. त्यामुळे मुंबईला बातमी कळायला दुपार उलटून गेली. पोहत किनारा गाठलेल्यांनी आणि मासेमारी होड्यांतल्या कोळ्यांनी वाचवलेल्यांनीच ती आणली. याच किनाऱ्यावर ११ नोव्हेंबर १९२७ रोजी 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. संतांची नावे धारण केलेल्या या आगबोटी पाहता भक्तिपरंपरेतील तारकाचे रूपक अक्षरशः लोखंडावर कोरले गेले होते, असे म्हणावे लागते.

'रामदास'ची कथा ज्या रीतीने सांगितली जाते तिचा बंध ठराविक आहे. अमावास्या, फिरलेले वारे, प्रचंड लाट, प्रवाशांची एका बाजूला धाव, बोटीचे कलणे, आणि काही मिनिटांत सारे संपणे. नंतर कोळी बांधवांचे औदार्य, एखाद्या मुलाचे दैव बलवत्तर असणे, घराघरांतला आकांत. या बंधात कर्ता आहे तो समुद्र किंवा काळ. फार तर गर्दी: लोक एका बाजूला धावले म्हणून बोट उलटली.

हे शेवटचे विधान तपासण्यासारखे आहे. बोट कलली की माणसे उंच बाजूकडे धावतात, हा देहाचा धर्म आहे. प्रवाशाला जहाजाचा तोल कळत नाही. तो ज्याला कळतो त्यालाच कप्तान म्हणतात. पाणी शिरू लागल्यावर काय घडत आहे हे सांगणे, कोणी कोठे थांबायचे हे ठरवणे, जाकिटे कोठे आहेत हे गोंधळापूर्वीच दाखवून ठेवणे, हे काम गर्दीचे नाही. त्यामुळे 'लोक धावले' या वाक्यात कारण म्हणून जे मांडले जाते ते वस्तुतः परिणाम आहे. व्याकरणाच्या साध्या हालचालीने प्रवासी कर्म असतानाच कर्ता बनतो, आणि कर्ता वाक्यातून निघून जातो.

त्याहून मूलगामी प्रश्न निघण्याचा आहे. नारळी पौर्णिमेपूर्वी होडी समुद्रात लोटायची नाही हा किनाऱ्यावरचा जुना दंडक. त्याला विधीचे रूप असले तरी त्याचा आशय हवामानाचा आहे. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या आज्ञापत्रात आरमाराचे प्रकरण आहे. पावसाळ्याच्या आधीच आरमार सुरक्षित बंदरी छावणीस न्यावे, असा त्यातील दंडक आहे. हे गद्य अलंकारशून्य, हिशेबी आणि शासकीय आहे. त्यात समुद्राला आव्हान नाही आणि समुद्रापुढे शरणागतीही नाही. पावसाळा केव्हा येणार हे ठाऊक आहे, म्हणून आधी काय करायचे ते लिहून ठेवले आहे. मराठीत कर्तव्याची भाषा नव्हती असे म्हणता येत नाही, याचा हा पुरावा आहे. ती भाषा होती. पण साहित्याने आपली म्हणून निवडली ती दुसरी. आषाढात निघालेल्या 'रामदास'चे वर्णन करताना लेखणी सहजपणे काळ, दर्या आणि दैव या शब्दांकडे वळते. आज्ञापत्राच्या त्या कोरड्या वाक्यांकडे वळत नाही.

श्रद्धेच्या रूपकाचे दुसरे टोक अलीकडच्या एका परदेशी घटनेत दिसते. १६ एप्रिल २०१४ रोजी दक्षिण कोरियाची 'सेवोल' ही प्रवासी बोट कलून बुडाली. मृत ३०४, त्यांत बहुसंख्य सहलीला निघालेले शाळकरी विद्यार्थी. आहात तेथेच थांबा अशा सूचना ध्वनिक्षेपकावरून पुनःपुन्हा दिल्या जात होत्या. मुलांनी त्या पाळल्या. कप्तान मात्र आधीच बाहेर पडलेल्यांत होता. पुढे त्याला जन्मठेप झाली. 'रामदास'वर आज्ञा नव्हती म्हणून गर्दी धावली. 'सेवोल'वर आज्ञा होती म्हणून मुले थांबली. दोन्हीकडे प्रवासी मेले. यावरून इतके निश्चित होते की प्रवाशाची आज्ञाधारकता किंवा तिचा अभाव हे निर्णायक कारण नव्हे. विश्वास हा प्रवाशाने दिलेला ठेवा आहे. तो घेणारा जागेवर आहे का, एवढाच प्रश्न उरतो.

६

कर्णधाराविषयीची सर्वांत लोकप्रिय कल्पना अद्याप बाजूला राहिली आहे: जहाजाबरोबर बुडणारा कप्तान. १९१२ सालच्या 'टायटॅनिक'च्या कथनांनी ती जगभर पोहोचवली. भारतीय वाचकापुढे ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ बुडालेल्या 'खुकरी' या युद्धनौकेचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांचे उदाहरण आहे. आपले लोक पाण्यात उतरत असताना ते नौकेवरच राहिले. त्या मृत्यूपुढे नतमस्तक व्हावे हे स्वाभाविक आहे. परंतु त्याचे मोल मृत्यूत नाही. इतरांना बाहेर काढण्याचे काम अपुरे असताना त्यांनी जागा सोडली नाही, यात ते आहे. ही दोन विधाने वेगळी आहेत. पहिल्यात बलिदान आहे, दुसऱ्यात कर्तव्य. सर्व प्रवासी उतरल्यानंतर रिकाम्या जहाजावर मरण पत्करणारा कप्तान काही साधत नाही. उलट चौकशीला हवा असलेला सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार तो हिरावून घेतो. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉनकॉर्डिया' सोडून गेलेल्या कप्तानाला पुढे सोळा वर्षांची शिक्षा झाली. लोकांचा रोष त्याच्या जिवंत राहण्यावर होता असे वरवर वाटते. वस्तुतः तो होता प्रवासी वर असताना तो खाली उतरल्यावर.

साहित्याला बलिदान आवडते, कारण त्याला शेवट असतो आणि त्या शेवटाला उंची असते. कर्तव्य बहुतांशी कंटाळवाणे असते: माणसे मोजणे, हवामान पाहणे, अधिक तिकिटे नाकारणे, जाकिटांची गणना करणे, नको त्या दिवशी न निघणे. यशस्वी झालेल्या कर्तव्याची कथाच होत नाही. कारण बोट बुडत नाही. येथे कथनशास्त्रापुढे खरी अडचण उभी राहते. घटनेवर जगणारा कथनप्रकार, घटना घडू न देणाऱ्या कृतीला आकार कसा देणार? मराठीने या अडचणीवर तीन उत्तरे शोधली, आणि तिन्ही अपुरी ठरली: तारक, वीर आणि समाधी. तारक चुकत नाही, वीराला प्रवासी नसतात, आणि समाधीत कर्ताच नसतो.

यातून एक साधा निकष हाती लागतो. जहाजाच्या कोणत्याही कथनात, मग ते काव्य असो, इतिहास असो वा बातमी, प्रवाशाला दृष्टिबिंदू आहे का, हे पाहावे. तो असेल तर धक्क्यावरचा निर्णय, बुडतानाची आज्ञा आणि नंतरची साक्ष हे कर्तव्याचे तिन्ही काळ आपोआप दिसू लागतात. तो नसेल तर कथन कितीही उदात्त असले तरी त्यात कर्तव्याचा प्रश्न उद्‌भवत नाही. हाजी कासमचे लोकगीत या निकषावर उतरते. 'लॉर्ड जिम' अर्धी उतरते. 'जलसमाधी' हा शब्द मुळीच उतरत नाही.

हा निकष समुद्रापुरता मर्यादित राहत नाही. शहापूर-मुरबाडच्या परिसरात बुडण्यासाठी वेगळाच शब्द आहे: 'बुडीत क्षेत्र'. भातसा धरणासाठी गावे उठली; तानसा, वैतरणा आणि भातसा यांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात शहापूर तालुक्यातील पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते; मुरबाड तालुक्यातील नियोजित काळू धरणाला स्थानिकांनी विरोध केला तो हे सारे पाहूनच. 'बुडीत क्षेत्र' हा महसुली शब्द आहे, पण 'जलसमाधी'पेक्षा तो प्रामाणिक आहे. त्यात पावित्र्य नाही. क्षेत्र कोणाचे होते, किती होते आणि कोणाच्या आदेशाने बुडाले, हे प्रश्न त्याच्याबरोबर येतात आणि नोंदवहीत त्यांची उत्तरे शोधता येतात. विकासाच्या नौकेचे कर्णधार असा गौरव ज्या व्यासपीठांवरून होतो, तेथे हा शब्द उच्चारला जात नाही.

वैतरणा नदीवर आज धरणे आहेत, आणि तिच्या नावाची आगबोट समुद्राच्या तळाशी आहे. पुराणातल्या मृताला ती नदी एकट्याने ओलांडायची होती, म्हणून त्याने कोणाला काही विचारले नाही. आगबोटीतल्या प्रवाशाने तिकीट काढले होते. विचारण्याचा त्याचा अधिकार तिकिटाबरोबरच सुरू झाला होता, आणि तो बुडाल्याने संपत नाही.